आधी दरवाजा, मग स्पीकर: गाडीचं डॅम्पिंग घरच्या घरी

नवे स्पीकर आणले, बसवले, गाणं लावलं आणि पहिल्याच ठेक्याला दरवाजा खडखडला. अशी तक्रार कोणी केली की स्पीकर कोणत्या कंपनीचा, हे मी विचारतच नाही. दरवाजाच्या पॅडमागे, म्हणजे आतल्या बाजूच्या प्लास्टिकच्या आवरणामागे, काय केलंय, ते विचारतो. बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘काही नाही’.

घरातल्या स्पीकरला लाकडाची पेटी असते. गाडीतल्या स्पीकरची पेटी म्हणजे दरवाजा, आणि तो बनवणाऱ्याने बनवलाय काच वरखाली व्हायला, कुलूप बसायला आणि पावसाचं पाणी निथळायला. बाहेरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड, आतल्या पत्र्याला ताटाएवढी भोकं. अशा पेटीत कितीही भारी स्पीकर ठेवा, तो डब्यातूनच बोलणार. पत्र्याला चिकट शीट लावून त्याची थरथर मारायची आणि भोकं बुजवायची, हेच डॅम्पिंग.

पहिल्यांदाच या कामाला हात घालणाऱ्याला माझा सल्ला सरळ आहे. पुढचे दोन दरवाजे मन लावून करा आणि तिथेच थांबा. छत, फ्लोअर, डिकी हे सगळं नंतर बघता येतं, आणि दरवाजे नीट झाले की बऱ्याच जणांना त्याची गरजच वाटत नाही. दुकानात ‘पूर्ण गाडीचं पॅकेज’ ऐकायला छान वाटतं. पण अर्ध्या पैशांत केलेले दोन चांगले दरवाजे कानाला त्याहून जास्त देतात.

शीट नेमकं करते काय

नाशिककराला डॅम्पिंग समजावणं सोपं आहे, कारण आपल्याकडे ढोल आहे. दणदणत्या ढोलाच्या पानावर तळहात टेकवा, आवाज तिथल्या तिथे मरतो. पूर्ण पान झाकावं लागत नाही, एक तळहात पुरतो. दरवाजाच्या पत्र्याचंही तसंच. मोकळ्या पत्र्याच्या मधोमध, जिथे तो सगळ्यात जास्त थरथरतो, तिथे शीट लावली की बाकीचा पत्राही गप्प होतो. पत्र्याचा तीस ते पन्नास टक्के भाग झाकला की या कामापुरतं भागतं. इंच न् इंच चिकटवणारे लोक फोटोसाठी चिकटवतात, असं माझं मत आहे.

शीट म्हणजे काळा चिकट ब्यूटाइल रबर आणि त्याच्यावर ॲल्युमिनियमचं फॉइल. पत्रा थरथरला की रबर त्याच्याबरोबर हलतो, पण वरचं फॉइल ताणलं जायला तयार नसतं. या ओढाताणीत रबर आतल्या आत घासला जातो आणि थरथरीचा जोर उष्णता होऊन जिरतो. म्हणूनच फॉइलला जाडी लागते. चॉकलेटच्या वेष्टनासारखं, नखाने सुरकुतणारं फॉइल असलेली शीट घेऊ नका.

दुसरं काम भोकं बुजवायचं, आणि याकडेच नवखे लोक दुर्लक्ष करतात. स्पीकरचा पडदा पुढे आला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. मागचा आवाज आतल्या पत्र्याच्या भोकांतून केबिनमध्ये आला की पुढच्याला छेद देतो. जाड आवाजात हे फार जाणवतं. १०० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साधारण साडेतीन मीटर लांब असते, म्हणजे जवळजवळ अख्ख्या हॅचबॅकएवढी. तिच्यापुढे स्पीकर आणि भोक यांच्यातलं वीतभर अंतर म्हणजे काहीच नाही. दोन्ही आवाज उलट्या पावलांनी एकत्र भेटतात आणि ठेका गायब. लोक मग बेसचं बटण पिळतात.

टायरचा आवाज कमी होईल का, हा पुढचा प्रश्न ठरलेला. थोडासा होईल. सिन्नरजवळ समृद्धीवर चढलात की काँक्रीटवर टायरची जी घरघर सुरू होते, ती फ्लोअरमधून, चाकांच्या कमानींमधून आणि काचांमधूनही येते. दोन दरवाजे केल्याने ती थांबणार नाही. दरवाजा लावताना ‘ढण्ण’ऐवजी ‘थप्प’ वाजेल, बाजूच्या ट्रकचा आवाज थोडा बोथट होईल आणि गाणं कमी व्हॉल्यूमवरही भरलेलं लागेल. तेवढी अपेक्षा ठेवा.

आधी ऐका

पाना हातात घेण्याआधी अर्धा तास नुसता ऐकण्यात घालवा. मोबाइलवर टोन जनरेटरचं ॲप घ्या, गाडी शांत जागी लावा, इंजिन बंद करा आणि ३० ते १५० हर्ट्झपर्यंत सूर सावकाश चढवत न्या. कोणाला तरी शेजारी बसवा. एक जण सूर फिरवेल, दुसरा हाताने पॅड, हँडल, स्पीकरची जाळी दाबत जाईल. जिथे दाबल्यावर खडखड थांबते तिथे खडूने खूण करा. इंजिन बंद असताना हे तासभर चालवत बसू नका, बॅटरी उतरते.

गंमत म्हणजे निम्मी खडखड दरवाजाची नसतेच. माझ्या गाडीत सापडलेल्या गोष्टी: दरवाजाच्या कप्प्यातली चिल्लर, वणीच्या प्रसादाची प्लास्टिकची डबी, खांबावर आपटणारं सीटबेल्टचं धातूचं टोक आणि मागची नंबर प्लेट. चारही गोष्टी फुकटात सुटल्या.

मग बोटाची पेरं वळवून बाहेरच्या पत्र्यावर टकटक करा. माठ घेताना आपण टिचकी मारतो आणि खणखणीत वाजला तर घेतो. इथे उलटं आहे. खणखणीत वाजेल ती जागा आजारी. दरवाजाच्या कडेला आवाज बंद येईल, मधोमध मोकळा येईल. हा आवाज लक्षात ठेवा, काम झालं की नाही हे शेवटी यानेच कळणार आहे. हौस असेल तर मोबाइलच्या ध्वनिमापकावर आधीचे आकडे लिहून ठेवा. मात्र फोन तोच, जागा तीच, रस्ता तोच, वेग तोच. मी महामार्गावरचा उड्डाणपूल धरतो, तिथे सिग्नल नाही. फोन शेजारच्याच्या हातात द्या.

काय आणायचं

मुख्य माल म्हणजे दोन मिलिमीटरची फॉइलवाली ब्यूटाइल शीट. हॅचबॅकच्या पुढच्या एका दरवाजाला, बाहेरचा आणि आतला पत्रा धरून, आठ ते दहा चौरस फूट लागते. वजनाने एका दरवाजावर अडीच-तीन किलो वाढतात. धडधाकट बिजागरीला ते काही नाही. भाव विचारताना बॉक्सचा विचारू नका, चौरस फुटाचा विचारा. बॉक्समधल्या शीटचा आकार आणि संख्या प्रत्येकाची वेगळी असते.

डांबराची शीट स्वस्त मिळते, ती घेऊ नका. हे मी पैसे घालवून शिकलोय. पहिल्या गाडीत मी तीच लावली होती. मे महिन्यात सीबीएस बसस्थानकाजवळ गाडी दुपारभर उन्हात उभी होती. संध्याकाळी आत गरम होतं म्हणून काच खाली केली आणि वर घेतली, तर ती काळे पट्टे अंगावर घेऊन वर आली. शीट वितळून काचेच्या वाटेत घसरली होती. काच मी रॉकेलच्या बोळ्याने पुसली. वास दिवाळीपर्यंत होता.

ब्यूटाइल ओळखायचं कसं? कोपऱ्यातला रबर चिमटीत धरून ओढा. ब्यूटाइल च्युइंगमसारखा तार धरतो, डांबर तुटतं. नाकाला लावा: नव्या रस्त्याचा वास आला तर परत द्या. तरीही शंका असेल तर एक तुकडा पत्र्यावर चिकटवून पत्रा भिंतीला उभा टेकवा आणि गच्चीवर दुपारभर कडक उन्हात ठेवा. घसरला नाही तर माल ठीक.

सोबत बंद पेशींचा फोम लागतो, पाच-सहा मिलिमीटरचा, एका बाजूला गोंद असलेला. याचीही घरगुती परीक्षा आहे. तुकडा पाण्याच्या ग्लासात बुडवून दाबा. पाणी प्यायला तर तो स्पंज, दरवाजात त्याला जागा नाही. पावसाळाभर ओला राहून तो पत्रा गंजवेल.

बाकीचं सामान: लाकडी किंवा लोखंडी रोलर, कटर, जाड हातमोजे, आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुन्या बनियनच्या चिंध्या, प्लास्टिकच्या पट्ट्या पॅड उचकटायला, पेचकस, १० नंबरचा पाना, वायरिंगवर गुंडाळायची कापडी टेप आणि तुमच्या गाडीच्या पॅडच्या दहा-बारा जादा क्लिपा. क्लिपा आधीच आणा. त्या तुटतातच, आणि तुटतात तेव्हा रविवार असतो.

मोसमाबद्दल एक शब्द. नाशिकला हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करावं. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरलेला असतो त्या सकाळी ब्यूटाइल चामड्यासारखा ताठ होतो आणि पत्र्याला धरत नाही; मग हीट गन नाहीतर हेअर ड्रायर हाताशी लागतो. पावसाळ्यात दरवाजा आतून ओला असतो, तेव्हा नकोच.

दरवाजा उघडताना

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि दहा मिनिटं चहा घ्या. एअरबॅगच्या यंत्रणेत साठलेला करंट उतरायला वेळ द्यायचा असतो. पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगचा समजा. त्याला ओढू नका, त्यावर काही चिकटवू नका. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगसाठी हवेच्या दाबाचा सेन्सर दरवाजाच्या पोकळीतच असतो. तुमच्या गाडीत तो असेल तर भोकं बुजवण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा. तिथे स्वतःचं डोकं चालवायचं नाही.

एका वेळी एकच दरवाजा उघडा. दुसरा शाबूत असला की काय कुठे बसत होतं ते बघायला नमुना शिल्लक राहतो. प्रत्येक टप्प्याला फोटो काढा, आणि स्क्रू कोणत्या भोकातला ते लिहून वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा.

स्क्रू लपवलेले असतात: हँडलच्या वाटीत छोट्या झाकणाखाली, हात टेकतो त्या खणाच्या तळाशी, आरशाजवळच्या त्रिकोणी तुकड्यामागे. सगळे निघाल्याची खात्री झाल्यावरच पट्टी घाला. खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा आणि पट्टी क्लिपेच्या अगदी जवळ ठेवून उचका. टक् टक् असा आवाज येत जाईल. क्लिपा सुटल्या की पॅड स्वतःकडे ओढायचा नाही, सरळ वर उचलायचा. तो काचेच्या बीडिंगवर, म्हणजे काचेलगतच्या रबरी पट्टीवर, अडकलेला असतो. मागे काचेच्या बटणाची वायर आणि हँडलची केबल लटकत असते. पॅड हिसडून ओढणारे लोक हीच केबल तोडतात.

पॅडमागे पातळ प्लास्टिक दिसेल, काळ्या चिकट दोरीने डकवलेलं. ते पाण्याचा अडसर आहे. थोडी गरम हवा देऊन कटरने चीक कापत जा म्हणजे ते फाटणार नाही. पत्र्यावर राहिलेला चीक काढायला त्याच चिकाचा लाडू वळा आणि तो थापत जा. चिकाला चीक चिकटून निघतो. चिंधीने पुसत बसाल तर दरवाजाभर माखेल.

शेजारचे काका सातपूरला प्रेस शॉपमध्ये, म्हणजे साच्यात (डायमध्ये) पत्रा दाबून कापतात तिथे, होते, आता निवृत्त आहेत. मी उघडा दरवाजा समोर ठेवून बसलो होतो तेव्हा ते चप्पल घालून बघायला आले. पहिलं वाक्य: ‘अरे, मोजे घाल हातात. ही कड डायमध्ये कापलेली असते, भाजी चिरायच्या विळीसारखी.’ मोजे तोवर पिशवीतच होते. डाव्या मनगटावर अजून पांढरी रेघ आहे.

पुसणं

या भागाला कोणी मान देत नाही आणि शीट सुटतात त्या यामुळेच. बाहेरच्या पत्र्याची आतली बाजू म्हणजे वर्षानुवर्षांची धूळ, आणि बऱ्याच गाड्यांत कंपनीने गंज लागू नये म्हणून मारलेलं मेणही. आधी कोरड्या ब्रशने, मग ओल्या फडक्याने, मग अल्कोहोलने पुसा. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत. थिनर वापरू नका, रंग जातो. गंजाचा ठिपका दिसला तर घासून प्रायमर मारा आणि वाळू द्या. सिंहस्थाच्या कामांसाठी शहरभर रस्ते उकरलेत, त्यामुळे सध्या नाशिकच्या गाड्यांच्या दरवाजात मूठभर माती निघाली तर दचकू नका.

बाहेरचा पत्रा

आतल्या पत्र्याच्या भोकांतून हात घालून बाहेरच्या पत्र्यावर शीट लावायची. अख्खी शीट आत जाणार नाही, त्यामुळे वर्तमानपत्राचा साचा कापून बघा आणि शीटचे वहीच्या पानाएवढे तुकडे करा. मागचा कागद एकदम सोलू नका. दोन बोटं सोला, वरची कड टेकवा, मग खाली ओढत ओढत चिकटवा. ब्यूटाइल एकदा धरला की सोडत नाही, आणि अर्ध्यात स्वतःलाच चिकटला तर तो तुकडा गेला.

पहिला तुकडा स्पीकरच्या बरोब्बर मागे. तिथे मागचा आवाज थेट पत्र्यावर आदळतो. पुढचे तुकडे टकटक केल्यावर जिथे जास्त वाजलं होतं तिथे. मधून जाणारा आडवा लोखंडी दांडा अपघातात बाजूचा मार झेलण्यासाठी असतो. तो आणि पत्रा यांच्यामध्ये कंपनीने जागोजागी चिकट गोळे दिलेले असतात; ते काढू नका.

आता रोलर. या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे जायला हवा. फॉइलवर नक्षीची उठावदार ठिपकी असते. ती सपाट होईपर्यंत, पूर्ण जोर लावून, मधून कडेकडे फिरवत राहा. हवेचा फुगा राहिला तर कटरने टोचून पुन्हा फिरवा. माझा खांदा दुसऱ्या दिवशी उचलत नव्हता, पण तीन पावसाळ्यांनंतरही एक तुकडा सुटलेला नाही. हात आत जात नाही तिथे रोलरऐवजी चमच्याची पाठ चालते.

दर दोन-तीन तुकड्यांनंतर दरवाजावर पुन्हा टकटक करा. ‘टण्ण’चा ‘थड’ झाला की त्या भागात थांबा. उरलेली शीट आतल्या पत्र्याला लागेल.

सर्वांत खालचे दोन इंच मोकळे सोडा. काचेवरून ओघळणारं पावसाचं पाणी दरवाजात शिरतंच, ते तसंच बनवलेलं असतं. तळाच्या कडेला असलेल्या लांबट भोकांतून ते बाहेर पडतं. ती भोकं बुजली की दरवाजा हौद झाला. एका मित्राने दुकानातून काम करून घेतलं होतं. जुलैमध्ये कसारा घाट उतरताना प्रत्येक वळणाला डाव्या दरवाजात पाणी डचमळत होतं, आणि मागे बसलेल्या त्याच्या आईने विचारलं, पाण्याचा कॅन कुठे ठेवलाय रे?

म्हणून पुढे जाण्याआधी बॅटरी तात्पुरती जोडा, काचेचं बटण लावा आणि काच पूर्ण खाली-वर करा. मग बंद काचेच्या बाहेरच्या बाजूने तांब्याभर पाणी सावकाश सोडा. दरवाजाखाली ठिबकायला लागलं पाहिजे. ठिबकलं नाही तर वाकून बघा.

भोकं बुजवणं

छोटी भोकं शीटनेच बुजतात. ताटाएवढ्या भोकावर मात्र नुसती शीट ताणून लावू नका. स्पीकर वाजला की ती पडद्यासारखी आतबाहेर होते आणि उन्हाळ्यात झोळीसारखी लोंबते. तिथे कडक काहीतरी हवं. एसीपी, म्हणजे दुकानांच्या पाट्यांना वापरतात तो तीन मिलिमीटरचा पत्रा, यासाठी उत्तम. हलका, कटरने कापता येतो, गंजत नाही. पाट्या बनवणाऱ्यांकडे त्याचे तुकडे पडलेले असतात. मला दोन दरवाजांपुरते तुकडे अंबडच्या एका पाटीवाल्याने चहाच्या पैशांत दिले.

साचा काढायची युक्ती: भोकावर वर्तमानपत्र धरा आणि कडेवरून काळा अंगठा फिरवा, आकार उमटतो. त्याच्याबाहेर दोन सेंटिमीटर सोडून कापा. कडेने फोमची पट्टी लावा आणि छोट्या स्क्रूंनी बसवा. गोंदाने कायमचं डकवू नका. उद्या काचेची मशीन बिघडली तर मेकॅनिकला आत हात घालायला जागा लागेल, आणि तो तुमचं सगळं काम कटरने फाडेल. स्क्रूची टोकं दरवाजाच्या पोकळीत निघतात, म्हणून पहिला स्क्रू पिळण्याआधी काच खाली करून ती त्या जागेपासून किती लांब आहे ते पाहा. कुलपाच्या सळ्या, केबल, वायरिंगचे रबरी बूच यांच्यासाठी लागेल तिथे एसीपीला खाच पाडा. सळी कशालाही घासता कामा नये.

मग पत्र्यांच्या जोडावरून आणि आतल्या पत्र्याच्या सपाट भागावर उरलेली शीट. पॅडच्या क्लिपांची आणि स्क्रूंची भोकं आधी खडूने घेरून ठेवा, नाहीतर ती शीटखाली गडप होतात आणि पॅड बसवताना शोधाशोध सुरू होते. ही चूक मी नाही केली. माझ्या धाकट्या भावाने केली, आणि तो हे वाचणार आहे.

सळ्या आणि लोंबत्या वायरी यांना कापडी टेप गुंडाळा. कंपनीचं प्लास्टिक परत लावायचं का? भोकं कडेकोट बुजवली असतील तर तुमचं काम हाच पाण्याचा अडसर. कुठे फट राहिली असेल तर लावाच.

स्पीकर

स्पीकर आणि पत्रा यांच्यामध्ये रिंग लागते. ती प्लास्टिकची नाहीतर ॲल्युमिनियमची घ्या. एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची, रिंग कापायला सोपी म्हणून दुकानवाले देतात. पावसाचा शिंतोडा लागला की ती चहातल्या बिस्किटासारखी फुगते. रिंग आणि पत्रा, रिंग आणि स्पीकर, दोन्हीकडे फोमची पट्टी. स्क्रू चाकाच्या नटांसारखे समोरासमोरचे आळीपाळीने घट्ट करा. काच पूर्ण खाली असताना स्पीकरचं चुंबक तिला लागत नाही ना, हे बसवण्याआधी मोजा.

वायर कापू नका. तुमच्या गाडीला बसणारा कपलर, म्हणजे तयार जोडणीचा प्लग, मिळतो, तो लावा. कंपनीच्या वायरिंगला कात्री लागली की वॉरंटीचा वाद सुरू होतो. प्लस-मायनसची शंका असेल तर घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल स्पीकरला क्षणभर टेकवा: प्लसला प्लस असताना पडदा पुढे यायला हवा. दोन्ही बाजूंना सारखंच जोडा. एक बाजू उलटी जोडली गेली तर बेस गायब होतो आणि माणूस डॅम्पिंगला शिव्या देतो.

स्टिरिओत हाय-पास फिल्टरची, म्हणजे ठरावीक सुराखालचा जाड आवाज अडवायची, सोय असेल तर तो ८० हर्ट्झच्या आसपास लावा, मागे वूफर असेल तर नक्कीच. दरवाजातल्या साडेसहा इंची स्पीकरकडून जमिनीला हादरे देण्याची अपेक्षा ठेवली की तो नुसता फडफडतो.

पॅड परत चढवण्याआधी

पॅडची मागची बाजू बघा. जिथे प्लास्टिक पत्र्याला टेकतं तिथे फोमचे छोटे चौकोन लावा, क्लिपांच्या जागा सोडून. स्पीकरभोवती फोमची जाड रिंग अशी लावा की ती पॅडच्या जाळीला आतून टेकेल. हा स्वस्तातला तुकडा फार कामाचा. तो नसला तर निम्मा आवाज पॅडच्या मागेच फिरत बसतो.

फोम जास्त जाड झाला तर पॅड बसणार नाही, क्लिपा ताणल्या जातील आणि महिन्याभरात कोपरा उचकेल. म्हणून आधी नुसता टेकवून बघा. हँडल, कुलूप, काच, सेंटर लॉक, सगळं चालतंय याची खात्री झाल्यावरच क्लिपा दाबा.

मग तोच सूर, ३० ते १५०. कुठे तरी अजून वाजेल. वाजलं की दाबून शोधा आणि तिथेच फोमचा तुकडा.

माझा पहिला दरवाजा सकाळी नऊला उघडला होता, बंद झाला संध्याकाळी साडेसहाला. दुसरा तीन तासांत.

बाकीच्या गाडीचं काय

वूफर असेल तर डिकीचं झाकण आणि नंबर प्लेटमागे शीट लावा, ते चटकन होतं. फ्लोअरसाठी सीट काढाव्या लागतात आणि सीटखाली एअरबॅगचे पिवळे कनेक्टर असू शकतात. पहिल्यांदा करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. चाकांच्या कमानी केल्या तर टायरच्या घरघरीत खरा फरक पडतो, पण तो वेगळा रविवार. इगतपुरीच्या पावसात छतावर जो ताशा वाजतो त्याला छताच्या मधल्या भागात थोडी शीट पुरते. छताच्या कडेतून पडद्यासारखी उघडणारी (कर्टन) एअरबॅग असलेल्या गाडीत मात्र छताचं अस्तर उतरवायचं काम जाणकाराकडेच द्या.

दुकानातून करून घेणार असाल तर तिथे ‘साउंड डेडनिंग’ म्हटलं तर समजेल, ‘डोअर डॅम्पिंग’ म्हटलं तर पटकन समजेल. तीन गोष्टी आधी ठरवा: माल डोळ्यांसमोर उघडायचा, बाहेरच्या पत्र्यावरही लावायचा, आणि पॅड बंद करण्याआधी मला दाखवायचं. तिसऱ्या अटीला जो कुरकुरतो त्याच्याकडे गाडी देऊ नका.

माझ्याकडे शेवटी दोन चौरस फूट शीट उरली होती. एक तुकडा नंबर प्लेटमागे गेला. दुसरा स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या सिंकला खालून चिकटवला. नळाची धार पडली की पूर्वी सकाळी सहाला अख्खं घर जागं व्हायचं. आई म्हणते, गाडीत काय फरक पडला ते तुझं तू बघ, सिंकचं मात्र बरं केलंस.